पडद्यावरचा हिरवा, कागदावरचा हिरवा

तासगाव तालुक्यातील एक विद्यार्थिनी आमच्या परिचयाची आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तिने शाळेत असतानाच दिल्या होत्या. पुढे वाणिज्य शाखेत शिकत असताना, २०२१ साली, तिने घरबसल्या ग्राफिक डिझाइनचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. जाहिरात, मुखपृष्ठ, वेष्टन, फलक यांवरील अक्षरे, चित्रे आणि रंग यांची मांडणी कशी करावी, हे या विषयात शिकवतात. शिकवणारे दुसऱ्या राज्यात, सोबतचे विद्यार्थी देशभर विखुरलेले आणि सर्वांच्या मध्ये एक पडदा, असा तो वर्ग होता. तिला तो आवडला. न समजलेला धडा पुन्हा पुन्हा पाहता येई. शंका विचारायला वर्गात हात वर करावा लागत नसे. लाजाळू मुलांना याचे महत्त्व किती असते, ते शिक्षकांना सांगायला नको.

अभ्यासक्रम संपत आला तेव्हा गावातील महिला बचत गटाने तिला बेदाण्याच्या डब्याचे लेबल करायला सांगितले. तिने पडद्यावर झगझगीत पोपटी रंगाचे लेबल केले. शिक्षकांनी ते आपल्या पडद्यावर पाहिले आणि पसंत केले. गटाने पैसे आगाऊ भरले, दोन हजार लेबले छापून आली. रंग मात्र पोपटी नव्हता. पावसाळ्यात विहिरीच्या कडेला साचतो तसा शेवाळी होता.

"काका, मी दिलेला रंग हा नाही," ती छापखान्यात म्हणाली.

"ताई, तुमची फाइल आम्ही चार रंगांत फिरवली. तो हिरवा शाईत नसतोच," असे उत्तर आले.

हिरवा रंग शाईत नसतो म्हणजे काय? त्या उत्तरात टाळाटाळ नव्हती, भौतिकशास्त्र होते. पण ते समजून घेण्यासाठी आधी एक जुना गोंधळ निस्तरावा लागेल आणि तो आपल्या शाळांतलाच आहे.

चित्रकलेच्या तासाला आपण सांगतो, की मूळ रंग तीन : लाल, पिवळा आणि निळा. विज्ञानाच्या तासाला त्याच मुलांना सांगतो, की मूळ रंग तीन : लाल, हिरवा आणि निळा. दोन्ही तास एकाच दिवशी, एकाच खोलीत होऊ शकतात. मुले दोन्ही उत्तरे पाठ करतात आणि ज्या त्या पेपरात लिहून मोकळी होतात. आमच्या विद्यार्थिनीला ऑनलाइन अभ्यासक्रमात तिसरे त्रिकूट भेटले : सायन, मॅजेंटा आणि पिवळा. तिने तेही वहीत उतरवून घेतले. तीन उत्तरांचे एकमेकांशी नाते काय, हे तिला कोणीही सांगितले नव्हते.

आपण डोळ्यापासून सुरुवात करू या. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात, एका डोळ्यात सुमारे साठ लाख. त्या तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो, दुसरा मधल्या आणि तिसरा आखूड तरंगलांबीच्या. डोळ्यात शिरलेल्या प्रकाशाबद्दल मेंदूला रंगापुरते कळते ते एवढेच, की या तिघींपैकी कोणी किती प्रतिसाद दिला. सुमारे ५८० नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश पहिल्या दोन प्रकारांना एकदम उद्दीपित करतो. पण तांबडा आणि हिरवा हे दोन वेगळे प्रकाश योग्य प्रमाणात एकत्र आले, तरी तेच घडते. मेंदूला दोन्हींत फरक करता येत नाही. तो दोन्हींना पिवळाच म्हणतो.

जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याचे प्रात्यक्षिक केले. चौकड्यांच्या एका फितीची तीन छायाचित्रे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतली होती. ती त्याच रंगांच्या प्रकाशात तीन यंत्रांनी भिंतीवर एकावर एक पाडली आणि फीत रंगीत दिसली. यातील गंमत अशी, की त्या काळच्या काचांना तांबड्या प्रकाशाची जाणीव जवळजवळ नव्हतीच. मग प्रयोग साधला कसा? याचा उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ साली कोडॅकच्या संशोधकांनी केला. फितीतील तांबडे रंगद्रव्य अतिनील किरणही परावर्तित करत होते, गाळणीतून ते पार होत होते आणि काचेवर उमटले होते ते हे अतिनील किरण. सिद्धांत बरोबर होता, प्रयोग नशिबाने बरोबर आला.

मोबाइलचा पडदा मॅक्सवेलच्या याच मार्गाने चालतो. पडदा उजळ पांढरा करून त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवावा. थेंब भिंगाचे काम करतो आणि तांबडे, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसू लागतात. आता पिवळे चित्र लावून तोच थेंब पाहावा. निळे ठिपके विझलेले असतात, तांबडे आणि हिरवे पेटलेले असतात. पिवळा ठिपका शोधूनही सापडत नाही. वर्गात हा प्रयोग केला, तर मुले तास संपला तरी जागचे हलत नाहीत. प्रत्येक ठिपक्याला शून्य ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. २५६ ला २५६ ने दोनदा गुणले, की १,६७,७७,२१६ येतात. जाहिरातींत "एक कोटी सदुसष्ट लाख रंग" म्हणतात ते हेच.

कागदाची गोष्ट उलटी आहे. कागद स्वतः प्रकाश देत नाही. खोलीतला पांढरा प्रकाश त्यावर पडतो आणि शाई त्यातला काही भाग गिळून टाकते. जे उरते ते आपल्या डोळ्यांपर्यंत येते. सायन शाई तांबडा प्रकाश गिळते, मॅजेंटा हिरवा गिळते आणि पिवळी निळा. पडद्यावर रंगांची बेरीज होते, कागदावर वजाबाकी. म्हणून तांबडा आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळा होतो, तर तांबडा आणि हिरवा रंग ब्रशने कालवले तर मातकट तपकिरी होतो. सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांपैकी प्रत्येक शाई पडद्याच्या तीन प्रकाशांतील नेमका एकेक आवरते, हे लक्षात आले, की ही दोन त्रिकुटे एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरतात.

मग चित्रकलेच्या तासाचे लाल, पिवळा, निळा कुठे बसतात? ते वजाबाकीच्याच घरातले आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जेकब क्रिस्टोफ ल ब्लाँ नावाच्या युरोपीय मुद्रकाने निळ्या, पिवळ्या आणि लाल शाईच्या तीन वेगळ्या पाट्या एकावर एक छापून रंगीत चित्रे काढली होती. त्याच्या हाती असलेल्या रंगद्रव्यांत ती तीन कामाला आली. आजचा सायन म्हणजे त्याच्या निळ्याचा आणि मॅजेंटा म्हणजे त्याच्या लालचा अधिक नेमका वारस. चित्रकलेचे शिक्षक चूक सांगत नाहीत. ते रंगपेटीबद्दल बोलतात आणि विज्ञानाचे शिक्षक प्रकाशाबद्दल. एवढे एक वाक्य दोघांनी आपापल्या तासाला जोडून सांगितले, तर पुष्कळ काम होईल.

आता त्या हिरव्याकडे येऊ. कागदावर हिरवा हवा असेल, तर सायनवर पिवळी शाई छापतात. सायनने तांबडा गिळला, पिवळीने निळा गिळला, म्हणजे हिरवा पूर्ण उरायला हवा. पण खरी शाई एवढी प्रामाणिक नसते. सायन शाई तांबड्याबरोबर थोडा हिरवाही खाते. जो प्रकाश वाचवायचा, त्यालाच कात्री लागते. पडद्यावरचा हिरवा ठिपका स्वतः प्रकाश फेकतो, त्याला ही अडचण नाही. म्हणून पडद्यावरच्या सर्वांत झगझगीत हिरव्याला नेहमीच्या चार शायांत जोडीदारच नसतो. संगणक रूपांतर करताना जवळात जवळचा रंग निवडतो आणि तो मळकट असतो. भडक निळ्या-जांभळ्याचेही असेच होते. उलट शुद्ध सायन शाईचा रंग साध्या पडद्याला पुरता दाखवता येत नाही, म्हणजे कागदाचीच बाजू नेहमी पडती असते असे नव्हे. त्यात कागद जर मऊ, बिनचकाकीचा असेल, तर शाई शोषली जाते, ठिपके पसरतात आणि रंग आणखी मंदावतो. लेबलासाठी बचत गटाने स्वस्त कागद निवडला होता, हेही इथे सांगितले पाहिजे.

ठिपके म्हटले म्हणून थोडे थांबू. छपाईत फिकट शाई नसते. फिकट हिरवा हवा तर शाईचे ठिपके लहान करतात आणि मध्ये पांढरा कागद उघडा ठेवतात. वर्तमानपत्रातील रंगीत चित्र भिंगाखाली धरले, की चारही रंगांचे ठिपके आपापल्या तिरक्या रांगांत उभे दिसतात. काळ्याची रांग बहुधा ४५ अंशांत असते, इतरांची वेगवेगळ्या कोनांत. नाहीतर ठिपक्यांची नको ती जाळीदार नक्षी उमटते. काळी शाई वेगळी का लागते? तिन्ही शाया मिळून खरा काळा होत नाही, गडद तपकिरी होतो. शिवाय बारीक अक्षर तीन पाट्यांनी छापले आणि एक पाटी केसभर सरकली, तर अक्षराला रंगीत कड येते.

अक्षरांबाबतही पडदा असाच फसवतो. मुद्रणातला एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. सहा पॉइंटचा टाइप म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरची जागा आणि देवनागरीला तेवढ्यातच वरची वेलांटी, अनुस्वार, खालचा उकार आणि मधले जोडाक्षर बसवायचे असते. विद्यार्थी काम करतो ते चौपट मोठे करून. पडद्यावर आठ मिलिमीटरचे दिसणारे "राष्ट्रीय" छापल्यावर काळ्या गोळ्यासारखे होते. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या धड्यांत ही अडचण येतच नाही. आय. आय. टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे आणि 'मंगल' हा संगणकीय देवनागरी टाइप घडवणारे र. कृ. जोशी यांच्यासारख्यांचे काम म्हणूनच आपल्या मुलांना दाखवायला हवे. डब्यावरील वजन, किंमत यांचे अंक किती उंच असावेत, हे २०११ च्या वेष्टनविषयक नियमांत मिलिमीटरमध्येच दिलेले आहे. पडद्यावरच्या टक्क्यांना तिथे विचारत नाहीत.

हे सारे त्या अभ्यासक्रमात नव्हते असे नाही. एका धड्यात "छपाईसाठी सी-एम-वाय-के निवडा" अशी सूचना होती, असे तिने नंतर शोधून काढले. पण ज्या वर्गात विद्यार्थी, शिक्षक आणि परीक्षक सगळेच पडदा पाहतात, तिथे त्या सूचनेवाचून कोणाचे काही अडत नाही. शिक्षकांनी रंग पसंत केला तो स्वतःच्या पडद्यावरचा. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर तो कसा दिसत होता आणि रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळसर करणारी सोय चालू होती की नव्हती, हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. चित्रकलेच्या जुन्या वर्गात गुरुजी कागद उचलून खिडकीशी नेत. आमच्या मते ऑनलाइन वर्गात जे हरवते, ते माणूस नसून तो कागद आहे.

उपाय महाग नाही. दोन हजार प्रती छापण्यापूर्वी त्याच कागदावर एक नमुना छापून घ्यायचा. छापखान्यात त्याला प्रूफ म्हणतात. भडक पोपटी हवाच असेल, तर पाचवी, खास कालवलेली शाई मिळते. पण तिची पाटी वेगळी आणि खर्चही वेगळा.

नमुना कोणत्या उजेडात पाहायचा, हाही प्रश्न आहे. साडी घेताना बायका ती दुकानाच्या दारात नेऊन उन्हात पाहतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन रंग दिव्याखाली जुळतात आणि उन्हात वेगळे पडतात, कारण दोन्ही प्रकाशांतील तरंगलांबींची वाटणी वेगळी असते. मुद्रकांनी यासाठी एक प्रमाण ठरवले आहे : ५००० केल्विनचा पांढरा प्रकाश. संगणकाच्या पडद्यांचे जे प्रमाण १९९६ साली सुचवले गेले, त्यातील पांढरा मात्र ६५०० केल्विनचा, म्हणजे अधिक निळसर आहे. वर्गात एकाच छापील चित्राचे दोन तुकडे करून एक खिडकीशी आणि एक पिवळ्या बल्बखाली ठेवावा, शेजारी तेच चित्र मोबाइलवर उघडावे आणि मुलांना प्रत्येकाचा पांढरा रंग कोणता ते लिहायला सांगावे.