रक्तातले लोखंड

माणसाच्या अंगात लोखंड असते, असे सांगितले की पुष्कळ जण हसतात. आमच्या वर्गातली मुलेही हसत. पण ते खरे आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोखंड असते. म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याइतके. त्यातले निम्म्याहून जास्त रक्तात असते.

तिथे ते काय करते? आपण श्वास घेतो. त्यातला प्राणवायू रक्तातल्या तांबड्या पेशी उचलतात आणि साऱ्या अंगाला पोचवतात. प्राणवायू धरून ठेवायचे काम लोखंडामुळे होते. लोखंड कमी पडले, की प्राणवायू कमी पोचतो. मग पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना धाप लागते. डोळ्यांपुढे अंधारी येते. पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते. घरचे म्हणतात, "ही आळशी झाली." अहो, तो आळस नव्हे. तो रक्तक्षय. अशा बाईचे बाळंतपणात रक्त गेले, तर जिवावर बेतते.

2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर पाहणी केली. 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 जणींना रक्तक्षय निघाला. त्याच वयाच्या पुरुषांत शंभरात 25. असे का? दर महिन्याला स्त्रीच्या अंगातून रक्त जाते. पोटातले मूलही आईचेच लोखंड घेते. आणि आमच्या मते एक कारण घराच्या रीतीत आहे. बाई सर्वांच्या मागून जेवते. मटकीची उसळ तोवर संपलेली असते. तिच्या वाट्याला भाकरी आणि तळाचा रस्सा येतो.

बाजरी, मटकी, हरभरा, माठ, तीळ, अळीव यांत लोखंड असते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देतात, ती रीत चांगलीच आहे. बीट तांबडे, म्हणून त्याने रक्त वाढते असे काही जण म्हणतात. पण बिटात लोखंड थोडेच. रंगावर जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. धान्यातले आणि भाजीतले लोखंड पोटात गेले, तरी त्यातले थोडेच रक्तात उतरते. बाकीचे तसेच बाहेर पडते. मात्र जेवताना लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला, तर जास्त उतरते. कडधान्याला मोड आणले, तरी फायदा होतो. मटण-मासळीतले लोखंड लवकर लागू पडते; ज्यांच्या घरी चालते त्यांनी खावे. चहाचे मात्र उलटे आहे. चहातला तुरट अंश लोखंडाला बांधून टाकतो. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये. तासभर थांबावे. चहा सोडा, असे आम्ही म्हणत नाही. कोणी ऐकणारही नाही!

रक्त फारच कमी असेल, तर नुसत्या जेवणाने भागत नाही. आरोग्य उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. स्त्रीचा आकडा 12 च्या खाली, आणि गरोदरपणी 11 च्या खाली असला, तर तो रक्तक्षय. गरोदर बाईला तिथे लाल गोळ्या फुकट मिळतात. त्या निदान 180 दिवस रोज घ्यायच्या असतात. गोळीने शौचाला काळे होते. तेवढ्याने घाबरून पुष्कळ जणी गोळ्या फेकून देतात. पण अंगात न उतरलेल्या लोखंडाचाच तो रंग. मळमळत असेल, तर गोळी रात्री जेवल्यावर घ्यावी. चहाबरोबर मात्र नको.