वेब-पत्त्यातील विशेष चिन्हे आणि मराठीतील ‘ऱ’

बोलीसर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांच्या छायाप्रती, शब्दसूची इत्यादी साहित्य आता बहुधा विभागाच्या फाइल-सर्व्हरवर ठेवले जाते आणि प्रबंधांतून त्याचा निर्देश वेब-पत्त्याने केला जातो. अशा पत्त्यांसंबंधी एक तक्रार वारंवार ऐकू येते. फाइल सर्व्हरवर आहे; यादीत तिचे नाव दिसते; पत्त्यातही तेच नाव जसेच्या तसे लिहिलेले आहे; तरीही सर्व्हर ‘४०४’ असे उत्तर देतो, म्हणजे अशी फाइलच नाही असे सांगतो. या दोषाचे खापर सामान्यतः यंत्रावर फोडले जाते. परंतु त्याचे मूळ पुष्कळदा लेखनव्यवस्थेत असते, आणि म्हणून भाषाभ्यासकाने त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

वेब-पत्त्याची रचना जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर. एफ. सी. ३९८६’ या मानकात सांगितली आहे. त्यानुसार रोमन लिपीतील लहानमोठी मिळून ५२ अक्षरे, १० अंक, आणि संयोगरेषा, पूर्णविराम, अधोरेषा व नागमोडी रेघ ही ४ चिन्हे, अशी एकंदर ६६ चिन्हेच पत्त्यात निर्वेधपणे वावरू शकतात. दुसऱ्या काही चिन्हांकडे पत्त्यात व्याकरणिक म्हणावे असे कार्य आहे. तिरपी रेघ पत्त्याचे खंड पाडते, प्रश्नचिन्हापासून पृच्छेचा भाग सुरू होतो, आणि ‘#’ नंतरचा मजकूर दस्तऐवजातील स्थळ दाखवितो. उरलेले सर्व काही, नागरी अक्षरे धरून, टक्केचिन्हाच्या आश्रयाने लिहावे लागते. अक्षराचे प्रथम ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने बाइटांत रूपांतर होते व प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन षोडशमान अंक यांनी दाखविला जातो. ‘क’ चे तीन बाइट होतात व पत्त्यात तो ‘%ई०%ए४%९५’ असा उतरतो. (सोयीसाठी येथे नागरी अंक व अक्षरे योजिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन असतात.)

सर्व्हरच्या बाजूचा नियम याहून निराळा आहे. लिनक्सवरील ‘एक्स्ट-४’ या प्रचलित फाइल-व्यवस्थेत तिरपी रेघ व शून्य बाइट वगळता कोणताही बाइट नावात चालतो. मर्यादा आहे ती २५५ बाइटांची. नागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे ती ८५ चिन्हांतच संपते. हस्तलिखिताचे संपूर्ण शीर्षक फाइलीला देण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एका बाजूला अत्यंत कडक व्याकरण आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य, या दोहोंच्या सांध्यावर बहुतेक दोष उत्पन्न होतात.

त्यांपैकी काही सहज ओळखता येतात. ‘मुद्रण#३’ अशा नावाची फाइल पत्त्यात जशीच्या तशी लिहिली, तर ब्राउझर ‘#’ पासून पुढचा भाग सर्व्हरकडे पाठवीतच नाही. मागणी ‘मुद्रण’ या नावाची होते. प्रश्नचिन्हाचा प्रकार थोडा वेगळा: ‘?’ पासून पुढचा मजकूर सर्व्हरपर्यंत पोचतो, पण पृच्छा म्हणून. फाइलीचे नाव तेथेच तुटते. नावातील रिकामी जागा ‘%२०’ अशी लिहिली जाते. परंतु आधीच संकेतित केलेला पत्ता एखाद्या प्रणालीने पुन्हा संकेतित केला, तर टक्केचिन्हाचेच ‘%२५’ होते आणि ‘%२०’ चे ‘%२५२०’ बनते. हा दुहेरी संकेतनाचा दोष ‘%२५’ या खुणेवरून चटकन सापडतो.

खरी अडचण याहून खोल आहे, आणि मराठीपुरती ती ‘दऱ्या’ या शब्दात एकवटलेली दिसते. डोंगरांमधील ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांतील भेद मराठी लेखनाने काळजीपूर्वक राखला आहे. ‘आचाऱ्यास’ व ‘आचार्यास’ ही जोडी तर व्याकरणाच्या वर्गात नित्याचीच. पहिल्या रूपातील ‘य’ च्या आधीचा आडव्या वळणाचा ‘र’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व त्यापुढे हल्‌चिन्ह, हा पहिला प्रकार. साधा ‘र’, त्याखाली नुक्ता व मग हल्‌चिन्ह, हा दुसरा. साधा ‘र’, हल्‌चिन्ह आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे अदृश्य जोडचिन्ह, हा तिसरा. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतील मजकुराशी मेळ राहावा म्हणून तो मान्य ठेवलेला आहे. पडद्यावर तिन्ही ठिकाणी ‘दऱ्या’ हेच दिसते. बाइट मोजले तर पहिल्या प्रकारात ते १५ भरतात, दुसऱ्यात १८, आणि तिसऱ्यातही १८, परंतु निराळे. ‘एक्स्ट-४’ व्यवस्था आपल्या नेहमीच्या रचनेत केवळ बाइटांची तुलना करते. तिच्या लेखी ही तीन भिन्न नावे होत.

१९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे ‘नांव’ आणि नंतरचे ‘नाव’ यांतील भेद वाचकाला निदान दिसतो. येथे भेद आहे, पण दिसत नाही. ‘ॲ’ च्या बाबतीतही असेच घडते. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’ वर चंद्रखूण देऊन काम भागविलेले असते. ही दोन लेखने युनिकोड समतुल्य मानीत नाही.

ही रूपे एकत्र येण्यास कारण काय? इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ ला स्वतंत्र कळ आहे. उच्चारानुसारी टंकनाच्या काही साधनांतून जोडचिन्हाचे रूप उमटते. शिवाय ॲपलच्या संगणकांवरील ‘एचएफएस प्लस’ ही जुनी फाइल-व्यवस्था नावे विघटित रूपात साठवीत असे. तेथे ‘ऱ’ घालून दिलेले नाव ‘र’ आणि नुक्ता असे होई, व ती फाइल लिनक्स सर्व्हरवर नेली की तेच विघटित नाव तेथे कायम होई. पुढे कोणी अखंड ‘ऱ’ ने पत्ता लिहिला की उत्तर ‘४०४’.

यावर युनिकोडने सामान्यीकरणाची सोय केली आहे. ‘एनएफसी’ या रूपात पहिला व दुसरा प्रकार एक होतात. तिसरा मात्र तसाच राहतो, कारण जोडचिन्हाचे रूप ‘ऱ’ शी समतुल्य धरलेले नाही. येथे एक उपाय फार सुचविला जातो: नावांतील सर्व अदृश्य चिन्हे पुसून टाकावीत. हा उपाय मराठीसाठी घातक आहे. जोडचिन्ह पुसताच ‘दऱ्या’ चे ‘दर्या’ होते. डोंगरी गावांतील शब्दांची यादी आणि कोळ्यांच्या बोलीतील शब्दांची यादी शेजारी ठेवलेली असेल, तर एक दुसरीच्या नावावर जाऊन बसेल व नाव बदलणारी आज्ञा सावध नसेल तर तिला पुसूनही टाकील. जोडचिन्ह पुसावयाचे नाही. ‘र’, हल्‌चिन्ह व जोडचिन्ह या क्रमाच्या जागी ‘ऱ’ व हल्‌चिन्ह घालावयाचे, आणि ‘एनएफसी’ त्यानंतर. हा नियम मराठीपुरता आहे. इतर भाषांच्या मजकुराला तो सरसकट लावू नये.

दोषाचे निदान करताना पडद्यावरील नावावर विश्वास ठेवू नये. सर्व्हरच्या नोंदवहीत मागणी कोणत्या रूपात आली ते पाहावे आणि फाइलीच्या नावाचे बाइट षोडशमानात काढून त्याच्याशी ताडावेत. नोंदीत नाव मध्येच तुटलेले असेल तर ‘#’ किंवा ‘?’, ‘%२५ई०’ आढळल्यास दुहेरी संकेतन, ‘%ई२%८०%८डी’ आढळल्यास जोडचिन्ह, आणि ‘%ए४%बी०’ नंतर ‘%ई०%ए४%बीसी’ असल्यास विघटित ‘ऱ’ असे समजावे. षोडशमानातील अक्षरे लहान आहेत की मोठी, याने मात्र काही बिघडत नाही.

नव्या संग्रहांत फाइलीचे नाव रोमन अक्षरे, अंक व संयोगरेषा यांपुरते ठेवून मराठी शीर्षक सूचीत नोंदविणे अधिक सुरक्षित. त्यात नागरीचा अवमान मानण्याचे कारण नाही. ग्रंथालयातील दाखलअंकही ग्रंथाचे नाव नसतोच. जे पत्ते प्रबंधांत छापले गेले आहेत ते मात्र बदलता येत नाहीत. फाइलीचे नाव सुधारताना जुन्या रूपाची, ते कितीही सदोष असले तरी, नोंद ठेवून त्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ‘३०१’ या संकेताने वळण द्यावे.