टोमॅटोचा जीनोम वर्तुळात : हिस्टोग्राम कुठे, हीटमॅप कुठे?

लेण्याद्रीच्या आसपास टोमॅटो म्हटलं की नारायणगावचा बाजार आठवतो, म्हणून उदाहरण टोमॅटोचंच घेतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जीनोमची १२ गुणसूत्रं (५ वं भारताच्या वाट्याला होतं) सर्कोसमध्ये गोलात मांडता येतात.

डेटा फाइलच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी : गुणसूत्र, सुरुवात, शेवट, आकडा. मी १०-१० लाख अक्षरांचे तुकडे पाडून प्रत्येकातली जनुकं मोजतो. हा हिस्टोग्राम बाहेरच्या कड्यात ठेवा, तिथे जागा जास्त. खांब बहुतेक गुणसूत्रांच्या टोकांना उंच दिसतील, कारण जनुकं तिथेच दाटलेली असतात.

मूळ, पान, फळ यांतली जनुकांची सक्रियता ताडून पाहायची तर आत हीटमॅपची अरुंद कडी काढा. मात्र तिन्हींना किमान-कमाल एकच द्या. नाहीतर सर्कोस प्रत्येक कड्याची मर्यादा वेगळी ठरवतं, एकाच लाल रंगाचे तीन अर्थ होतात आणि चित्र चक्क खोटं बोलतं.