टोकन कोणाच्या ताब्यात?

मेहकरहून खामगावकडे निघालं की वाटेत जानेफळ लागतं. अशा बाजारगावात आसपासच्या खेड्यांतली माणसं कागदपत्रांच्या कामासाठी येतात, पीएम किसानच्या केवायसीला बोट टेकवतात. सेवा केंद्राच्या टेबलावर त्यासाठी ठशाचं यंत्र लागतं. ठेकेदाराला टेंडर भरायचं तर डिजिटल सहीचं टोकन. दोन्ही यूएसबीची, आणि सोबत येणारी सॉफ्टवेअर बहुधा विंडोजवर बेतलेली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट बंद झाले. कितीतरी जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. ते भंगारात काढण्यापेक्षा त्यांच्यावर लिनक्स टाकावं, रोजचं काम तिथे करावं आणि विंडोज व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवून ठशाचं यंत्र किंवा टोकन यांपुरतंच उघडावं, असं मला ठामपणे वाटतं. अडचण येते ती इथेच: टोकन खोचलं, दिवा लागला, पण आतल्या विंडोजला त्याचा पत्ता नाही.

कारण साधं आहे. यूएसबी उपकरण एका वेळी एकाच मालकाचं असतं. खोचल्याबरोबर लिनक्स ते धरून ठेवतं. त्याने सोडल्याशिवाय आतल्या विंडोजला ते मिळत नाही. सोडवून घेण्याचा हक्कही आधी लागतो. वापरकर्त्याचं नाव 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्समधली उपकरणांची यादी रिकामीच दिसते. नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

मग ओळख पटवायची. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' लिहिलं की प्रत्येक उपकरणापुढे आकड्यांची जोडी येते. ईपास २००३ टोकनची जोडी ०९६ई:०८०७. पहिला भाग कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. टोकन काढून पुन्हा खोचलं की त्याच ओळीतला 'डिव्हाइस' क्रमांक बदलतो, ही जोडी बदलत नाही. म्हणून व्हर्च्युअलबॉक्सचा यूएसबी फिल्टर या जोडीवर लावावा. फिल्टर लावून झाला की टोकन एकदा काढून परत खोचायचं.

तरीही 'बिझी' असा संदेश आला, तर बहुतेक वेळा लिनक्सची स्मार्टकार्ड सेवा टोकन धरून बसलेली असते. ती थांबवली की मार्ग मोकळा. व्हर्च्युअलबॉक्समधला यूएसबी कंट्रोलरही पाहावा: १.१ वर वेग सेकंदाला १२ मेगाबिट, २.० वर ४८०. पूर्वी २.० आणि ३.० साठी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागायचा; २०२२ च्या ७.० आवृत्तीपासून दोन्ही मूळ पॅकेजातच आहेत.

ठशाच्या यंत्राची गोष्ट आणखी एक पायरी पुढे जाते. आधारसाठी चालणारं नोंदणीकृत यंत्र 'आरडी सर्व्हिस' मागतं. ही सेवा १२७.०.०.१ या पत्त्यावर, १११०० ते १११२० यांपैकी एका पोर्टवर उत्तर देते. हा पत्ता म्हणजे ज्या त्या संगणकाचा स्वतःचाच पत्ता. सेवा आतल्या विंडोजमध्ये आणि ब्राउझर बाहेरच्या लिनक्सवर, असं केलं तर ब्राउझर लिनक्सचंच दार ठोठावत राहतो आणि पोर्टल 'डिव्हाइस नॉट फाउंड' म्हणतं. यंत्रात काही बिघाड नसतो. यंत्र, सेवा आणि ब्राउझर तिन्ही आतच हवेत. शिवाय ठसा उमटेपर्यंत आतलं विंडोज पॉज करू नये आणि केबलला हात लावू नये, नाहीतर शेतकऱ्याला पुन्हा बोट टेकवावं लागतं.