उर्बीनोचा अनवाणी तरुण

धर्मचित्रात मुख्य प्रसंग मध्यभागी आणि पुढे असायचा, हा युरोपातल्या चित्रकारांचा जुना शिरस्ता. पंधराव्या शतकातल्या इटालियन पिएरो देल्ला फ्रांचेस्काने तो सरळ मोडला. ‘ख्रिस्ताला फटके’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या चित्रात येशू डावीकडे, बराच मागे, संगमरवरी मंडपातल्या एका खांबापाशी उभा आहे. फटके मारणाऱ्यांचे हात उगारलेले, रोमन सुभेदार पिलात आसनावर बसून पाहतो आहे, आणि एक पागोटेवाला आपल्याकडे पाठ करून उभा आहे. उजवीकडे मात्र, अगदी आपल्या पुढ्यात, तीन माणसे उभी आहेत. मागे काय चालले आहे याकडे त्यांच्यापैकी एकाचेही लक्ष नाही.

हे तिघे कोण, हा कलेतिहासातल्या सर्वांत चिवट वादांपैकी एक. त्यातही मधला.

चित्र लहान आहे. लाकडी फळी, जेमतेम 58 सेंटिमीटर उंच आणि 81 सेंटिमीटर रुंद. इटलीतल्या उर्बीनो गावी, ड्यूकच्या राजवाड्यात असलेल्या मार्के प्रांताच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात ते आहे. पिलाताच्या आसनाच्या पायरीवर पिएरोने स्वतःचे आणि आपल्या गावाचे, बोर्गो सान सेपोल्क्रोचे, नाव लॅटिनमध्ये कोरल्यासारखे लिहिले आहे. साल लिहिलेले नाही. म्हणून 1440 च्या दशकापासून 1470 पर्यंत कुठलीही तारीख सुचवली जाते, आणि तारीख बदलली की माणसांची नावेही बदलतात.

आता त्या तिघांकडे नीट पाहू. डावीकडच्या माणसाला काळी, टोकाशी दुभंगलेली दाढी आहे, डोक्यावर गडद टोपी आहे आणि एक हात बोलता बोलता वर आल्यासारखा अर्धवट उचललेला आहे. उजवीकडचा प्रौढ गृहस्थ निळ्या-सोनेरी किनखापात आहे, केस बारीक कापलेले, चेहरा पूर्ण बाजूने दिसणारा. दोघांच्या पायांत पादत्राणे आहेत. मधला तरुण साध्या लाल वस्त्रात आणि अनवाणी. सोनेरी कुरळे केस, एक हात कमरेवर, नजर कुणावरही नाही. त्याच्या डोक्यामागे नेमका झाडाचा हिरवा पर्णसंभार येतो. मागचा येशूही साधारण तशाच ढबीने, एका पायावर भार देऊन उभा आहे. हे साम्य एकदा दिसले की नजरेआड करता येत नाही.

उर्बीनोतली स्थानिक समजूत अशी, की तरुण म्हणजे ओद्दांतोनियो दा मोंतेफेल्त्रो. 1443 साली तो उर्बीनोचा ड्यूक झाला आणि 1444 च्या जुलैत, कोवळ्या वयात, कटवाल्यांनी त्याला राजवाड्यातच ठार केले. त्याचे दोन सल्लागार त्याच रात्री मारले गेले. या समजुतीप्रमाणे बाजूचे दोघे तेच. निरपराध तरुणाचा बळी, मागे ख्रिस्ताचा बळी: जोडणी मनाला पटते. पण राजकारणाचा साधा हिशेब मांडला की ती ढिली पडते. खुनानंतर सत्तेवर आला तो ओद्दांतोनियोचा सावत्र भाऊ फेदेरिको, आणि कटाची त्याला कल्पना होती का, ही कुजबुज त्याच्या मागे कायम राहिली. त्याच्या राजवटीत कोणी त्या हत्येचे स्मारक, तेही लोकांना नकोशा झालेल्या सल्लागारांसह, रंगवून घेईल हे अवघड वाटते.

इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी 1981 साली पिएरोवर एक पुस्तक लिहिले. चित्रशैलीपेक्षा चित्र कोणी करून घेतले आणि कोणाकोणाचे लागेबांधे होते, यावरून माग काढायचा ही त्यांची रीत. त्यांच्या मते दाढीवाला म्हणजे कार्डिनल बेस्सारियोन, कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर तुर्कांविरुद्ध युरोपने एक व्हावे म्हणून आयुष्य वेचणारा ग्रीक विद्वान. किनखापातला तो अरेझ्झोचा जोवान्नी बाच्ची. याच बाच्ची घराण्याच्या चॅपेलमध्ये पिएरोने खऱ्या क्रुसाच्या कथेची भित्तिचित्रे रंगवली. आणि तरुण म्हणजे फेदेरिकोचा अनौरस मुलगा बुओनकोन्ते, ग्रीक-लॅटिन शिकलेला, 1458 साली प्लेगने गेलेला. मेलेला मुलगा जिवंतांच्या मधोमध उभा, म्हणून अनवाणी.

कलेतिहासकार मॅरिलिन ॲरनबर्ग लॅव्हिन यांनी 1970 च्या आसपास वेगळीच मांडणी केली होती. पुत्रवियोगाने किंवा मुलाच्या व्याधीने पोळलेले दोन बडे गृहस्थ, उर्बीनोचा ओत्ताव्यानो उबाल्दीनी आणि मांतुआचा लुदोविको गोन्झागा, आणि त्यांच्या मधला तरुण हा कोणी माणूस नव्हेच, आदर्श पुत्राची प्रतिमा. जॉन पोप-हेनेसी यांनी तर मागच्या प्रसंगालाच हात घातला: फटके खाणारा ख्रिस्त नसून संत जेरोम आहे, सिसेरो वाचण्याच्या नादापायी स्वप्नात देवाच्या दरबारी मार खाणारा. कलेतिहासकार गोम्ब्रिख यांनी येशूला दगा देणाऱ्या यूदाच्या पश्चात्तापाची शक्यता मांडून पाहिली, पण ज्या तीस नाण्यांवाचून तो प्रसंग उभा राहत नाही ती चित्रात कुठेही नाहीत. सिल्विया रोंके यांनी तरुणाला शेवटच्या बायझंटाइन सम्राटाचा भाऊ थॉमस पालायोलोगोस ठरवले: सम्राटपद अजून लाभलेले नाही, म्हणून सम्राटाची लाल पादत्राणेही पायांत नाहीत. युक्तिवाद देखणा आहे, पण थॉमस 1409 चा. कॉन्स्टँटिनोपल पडले तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेलेला होता.

इतक्या नावांच्या गर्दीत पक्के काय उरते? माझ्या मते दोन गोष्टी.

पहिली म्हणजे पिलात. त्याच्या डोक्यावरची पुढे टोक काढलेली, उंच टोपी बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पालायोलोगोसची आहे. हा सम्राट पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चचा समेट घडवायला 1438 साली फेर्रारात आणि 1439 साली फ्लोरेन्सला आला. पिसानेल्लोने तेव्हा त्याचे पदक घडवले, त्यावर हीच टोपी आहे. आणि 1439 साली खुद्द पिएरो फ्लोरेन्समध्ये दोमेनिको व्हेनेत्सियानोच्या हाताखाली काम करत असल्याची नोंद मिळते. पिलाताच्या पायांत सम्राटाची लाल पादत्राणेही आहेत. म्हणजे तुर्कासारख्या दिसणाऱ्या पागोटेवाल्यासमोर चाललेला छळ नुसता बघत बसणारा अधिकारी, असा अर्थ पंधराव्या शतकातल्या जाणकाराला लागलाच असता. केनेथ क्लार्क यांनी 1951 साली चित्राचा संबंध पूर्वेकडच्या चर्चच्या संकटाशी आणि तुर्कांविरुद्ध भरलेल्या 1459 च्या मांतुआच्या परिषदेशी लावला, तो या बळावर.

दुसरी गोष्ट आता चित्रावर नाही. पासावांत नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1839 साली छापलेल्या पुस्तकात नोंदवले, की या तिघांजवळ दुसऱ्या स्तोत्रातले लॅटिन शब्द लिहिलेले होते, देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध सत्ताधारी एकत्र जमले त्या ओळीतले. पुढे ते नाहीसे झाले. पण ती नोंद खरी मानली, आणि न मानण्याचे कारण मला दिसत नाही, तर पुढचे तिघे आणि मागचा छळ यांना बांधणारा धागा चित्रकाराच्या काळातलाच ठरतो. आणि उपासनेत हे स्तोत्र गुड फ्रायडेचे, येशूच्या छळाच्याच दिवसाचे.

तरुणाचा मात्र या दोन्हींतून पत्ता लागत नाही, आणि इथे मी ठामपणे लॅव्हिन यांच्या बाजूने आहे. बाजूच्या दोन चेहऱ्यांवर वय आहे, विशिष्ट माणसाचे विशिष्टपण आहे. ती व्यक्तिचित्रे आहेत असे मानायला जागा आहे. मधल्या चेहऱ्यावर यातले काही नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत पिएरोचे ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ आहे. त्यातल्या झाडाशेजारच्या देवदूतांचे चेहरे याच घडणीचे. हा पिएरोचा ठेवणीतला चेहरा आहे, देवदूतांसाठी राखलेला. कोणा ड्यूकची किंवा राजपुत्राची ओळख पटवायची असती, तर अंतरे मोजून मांडणाऱ्या या चित्रकाराने कुलचिन्ह, पोशाख, निदान एखादे आभूषण दिलेच असते. त्याने जोडेसुद्धा काढून घेतले.

मोजून, हे उगाच म्हणत नाही. यथादर्शनावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस. विटकोवर आणि कार्टर यांनी 1953 साली चित्रावरून या मंडपाचा जमिनीवरचा आराखडा काढून दाखवला, फरशीच्या नक्षीसकट. येशूच्या डोक्यावरचा छताचा खण शेजारच्या खणांपेक्षा उजळ आहे. तिथला उजेड बाहेरच्या तिघांवर पडणाऱ्या उजेडासारखा डावीकडून येत नाही, उलट बाजूने येतो. दोन जागा, दोन प्रकाश. ज्याने प्रकाशाच्या दिशेचाही हिशेब ठेवला, त्याच्या हातून तरुणाची ओळख अनवधानाने पुसट राहिली असे मानायचे कसे?

1975 च्या फेब्रुवारीत हे चित्र चोरीला गेले होते, पिएरोच्याच ‘सेनिगाल्यियाची मादोन्ना’ आणि राफाएलच्या ‘ला मूता’बरोबर. पुढच्या वर्षी तिन्ही स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोत सापडली. त्यानंतरच्या दशकांत चित्राबद्दल जितकी पुस्तके निघाली तितकी नावेही वाढली, पण तरुणाचे नाव सांगणारा समकालीन कागद एकाही लेखकाने पुढे ठेवलेला नाही. तो मिळेपर्यंत ओद्दांतोनियो, बुओनकोन्ते किंवा थॉमस, यांतले कोणतेही नाव चित्राखाली प्रश्नचिन्हाशिवाय छापू नये. मराठीत या चित्राबद्दल लिहिणाऱ्यांनीही हे पथ्य पाळावे.