यमुना जोशी आणि दहावीचा तिसरा धडा

ओळख आपल्या शरीराची : लेखांक ७

कल्याणच्या गणपतराव जोशींची मुलगी यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी लग्न होऊन ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि बाळ दहा दिवसांत गेलं. पुढची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते: अमेरिका, पदवी, क्षय, वयाच्या एकविसाव्या वर्षी मृत्यू. पहिली महिला डॉक्टर म्हणून आपण आनंदीबाईंचं नाव घेतो. या आठवड्यात मात्र मला त्यांच्या पदवीपेक्षा त्यांचं वय महत्त्वाचं वाटतंय. बाईच्या शरीराचं शास्त्र शिकायचं त्यांनी ठरवलं ते आजच्या नववी-दहावीतल्या मुलीच्या वयात.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का चाललो आहोत, ते लोकांना समजावून सांगितलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी जे पत्र पाठवलं त्यातला मुद्दा सरळ होता: आमच्याकडच्या बायकांना औषधोपचारांची फार गरज आहे, आणि पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात. तिसऱ्या वर्षी प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तोही बाळंतपणाचाच, 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. जे आपल्यावर ओढवलं, ते का ओढवलं हे शोधत त्या मुलीने अभ्यासाची वाट धरली, असं मी मानते.

त्या वर्गात काय शिकायला मिळालं असेल? बाळंतिणीचा ताप डॉक्टरच्या आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातांतून पसरतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ मध्ये दाखवून दिलं होतं. हात क्लोरीनच्या पाण्याने धुवायला लावले आणि त्याच्या विभागातले मृत्यू झपाट्याने खाली आले. तरी त्याचं ऐकायला वैद्यकाने आणखी काही दशकं घेतली. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशकांची पद्धत मांडली, १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा जंतू शोधला. तेव्हा आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी, कोंदट, धुराने भरलेली. नाळ कापायला घरातलंच हत्यार, आणि ते उकळून घ्यायचं कुणाच्या ध्यानीमनी नाही. अशा कापलेल्या नाळेतून धनुर्वाताचा जंतू बाळाच्या अंगात शिरतो आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बाळ दूध ओढेनासं होतं, आखडतं, जातं. लोक सटवाईला बोल लावत. भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर व्हायला २०१५ उजाडावं लागलं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी जी धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, ती मुलींनी चुकवू नये ती यासाठीही.

पण एका बाबतीत आजची डोंबिवलीची दहावीतली मुलगी आनंदीबाईंच्या प्राध्यापकांच्याही पुढे आहे. त्या काळच्या वैद्यकात असा समज होता की पाळी येते त्याच सुमारास अंडाशयातून अंडं सुटतं. दोन्हींचं वेळापत्रक वेगळं आहे, अंडं पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं, हे ओगिनो आणि क्नाउस यांच्या कामातून स्पष्ट झालं १९२० च्या दशकात. 'हॉर्मोन' हा शब्दच १९०५ चा. आज 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' या दहावीच्या विज्ञानाच्या तिसऱ्या धड्यात हे सगळं आकृत्यांसह मिळतं. ते नुसतं चार मार्कांसाठी पाठ व्हावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आनंदीबाईंच्या कॉलेजशी जोडलेली आणखी एक कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८७३ मध्ये हार्वर्डचे एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांनी पुस्तक लिहिलं. मुलींनी वयात येताना मुलांसारखा अभ्यास केला तर रक्त आणि शक्ती मेंदूकडे जाते, गर्भाशय-अंडाशयांची वाढ खुंटते, असा त्यांचा दावा. पुस्तक तडाख्याने खपलं. त्याला उत्तर दिलं मेरी पुटनम जेकोबी यांनी. त्या फिलाडेल्फियाच्या याच कॉलेजातून १८६४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या. त्यांनी वाद घालत न बसता बायकांना लेखी प्रश्न पाठवले: पाळीत दुखतं का, किती, तेव्हा काम थांबवता का, शाळेत किती शिकलात? २६८ जणींची उत्तरं आली. शिवाय काही जणींची नाडी, तापमान, स्नायूंची ताकद महिनाभर मोजली. निष्कर्ष असा निघाला की निरोगी बाईला पाळीत सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही आणि शिक्षणाने तिचं काही बिघडत नाही. यावरच्या त्यांच्या निबंधाला १८७६ मध्ये खुद्द हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं. बायकांच्या शरीराबद्दल बायकांनाच विचारायचं आणि मोजून पाहायचं, ही साधी गोष्ट तोवर फारशी कुणाला सुचली नव्हती.

तीच पद्धत ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या मुलींनी आपल्यापुरती वापरावी असं मला कळकळीने सांगायचंय. वहीच्या मागच्या पानावर किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयवर पाळीचा पहिला दिवस लिहा. किती दिवस रक्त गेलं, दिवसात किती पॅड बदलले, शाळा बुडेल इतकं दुखलं का, तेही. सहा महिन्यांत तुमच्याजवळ तुमची स्वतःची माहिती असेल.

ती कशी वाचायची? पुस्तकात चक्र २८ ते ३० दिवसांचं दिलेलं असतं. आकृती शिकवायची तर एक आकडा धरावाच लागतो. पण पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आणि अंडाशय यांचा मेळ बसत असतो. दर महिन्याला अंडं सुटतच नाही. म्हणून या वयात २१ पासून ४५ दिवसांपर्यंतचं अंतर सर्वसाधारण मानतात. रक्तस्राव सात दिवसांपर्यंत चालतो. तीन महिने पाळीच आली नाही, आठवड्याहून जास्त रक्त जात राहिलं, दर तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं, किंवा पंधरावं सरून पहिली पाळीच आली नाही, तर मात्र डॉक्टरकडे जायचं.

इथे दोन चुका होताना दिसतात, आणि दोन्ही घरच्या काळजीतूनच होतात. पहिली म्हणजे घाई. चौदा वर्षांच्या मुलीची पाळी दोनदा लांबली की सोनोग्राफी, आणि अहवालात बारीक गाठींचा उल्लेख आला की 'पीसीओडी' हे नाव तिला कायमचं चिकटतं. वाढत्या वयात अंडाशयात अनेक पुटिका दिसणं स्वाभाविक असतं. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत या निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पाळीची अनियमितता टिकून राहणं आणि अंगावरचे दाट केस किंवा रक्तातली वाढलेली पुरुषी हॉर्मोन्स या दोन गोष्टींवर निदान होतं.

दुसरी चूक याच्या उलट, न जाण्याची. 'लग्न न झालेल्या मुलीला त्या डॉक्टरकडे कशाला न्यायचं, कुणी पाहिलं तर काय म्हणेल' हे मी अगदी शिकल्यासवरल्या घरांत ऐकते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी कधी काळी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. आनंदीबाईंच्या पत्राला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं होऊन गेली होती. किशोरवयीन मुलीच्या बाबतीत पोटातली, आतून करायची तपासणी बहुधा लागतच नाही. डॉक्टर बोलतात, विचारतात, पोटावरून पाहतात, रक्त तपासतात. मुलीला हे आधी सांगितलं तर तिची निम्मी भीती जाते. कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही महापालिकांची रुग्णालयं आहेत, तिथे खासगी दवाखान्याइतका खर्च येत नाही. जाताना तो लिहिलेला कालनिर्णय बरोबर घ्या. 'शेवटची पाळी कधी आली' या पहिल्याच प्रश्नाला आईने अंदाजे उत्तर देण्यापेक्षा मुलीने तारीख सांगावी.

आणि हिशेबाची एक गोष्ट. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, जेवणानंतरचा चहा, पालेभाजीवरचं लिंबू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते पुढच्या लेखांकात पाहू. तोवर घरात दहावीचं विज्ञानाचं पुस्तक असेल तर तिसरा धडा आई-मुलीने एकत्र वाचावा, आणि बाबा, दादा जवळपास असतील तर त्यांनीही.