भेट एक, परतावा छत्तीस!

पर्युषणातील प्रवचनानंतर हाती येणारी प्रभावना, मोठ्या तपाच्या पारण्यानिमित्त घरोघरी पोहोचणारी लहाणी, संक्रांतीच्या हळदी-कुंकवात लुटले जाणारे वाण... देण्याच्या या रीती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. वाण घेणाऱ्या स्त्रीला कोणी असे सांगत नाही, की आता तू सहा जणींना घेऊन ये, म्हणजे तुला छत्तीस वाणे मिळतील. व्यापारी घरांत आहेराची वही असते हे खरे. परंतु त्या वहीतही जेवढे आले तेवढे, फार तर प्रसंग पाहून थोडे अधिक, परत करावयाचे असते.

याच ओळखीच्या रीतीचे वस्त्र पांघरून मोबाइलवर एक निराळीच गोष्ट फिरते. २०१५ साली अमेरिकेत ‘सीक्रेट सिस्टर’ या नावाने ती फेसबुकवर पसरली. संदेशाची भाषा अत्यंत आर्जवी होती : सुमारे दहा डॉलरची एकच भेट यादीतील पहिल्या भगिनीला पाठवा, आपले नाव यादीत घाला, सहा मैत्रिणींना निमंत्रण द्या आणि सहापासून छत्तीसपर्यंत भेटींची वाट पाहा. तेथील टपाल खात्याच्या तपास यंत्रणेने ही बेकायदा साखळी असल्याचे सांगितले, तरी पुढील वर्षांत नाताळ जवळ आला की तोच संदेश पुस्तकांच्या किंवा अन्य भेटींच्या अदलाबदलीचे रूप घेऊन पुन्हा फिरू लागे. दिवाळी, राखी वा भाऊबीज ही नावे त्याला लावण्यास काहीच अडचण नाही.

असा संदेश स्वारगेट परिसरात किती वेगाने पसरू शकेल, याचा विचार करून पाहावा. मुकुंदनगर, महर्षीनगर, सॅलिसबरी पार्क येथील घरे, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील दुकाने, स्थानके आणि देरासरे यांनी बांधलेला हा भाग आहे. एकाच व्यक्तीच्या मोबाइलवर संघाचा, महिला मंडळाचा, सोसायटीचा, भुसार व्यापाऱ्यांचा आणि माहेरच्या कुटुंबाचा असे पाच गट सहज असतात. येथे माल फोनवरच्या शब्दावर उचलला जातो. सांगणारा कोण, एवढेच पाहण्याची सवय या बाजाराने लावली आहे, आणि ती सवय वाईट नाही. शतकानुशतकांचा व्यापार तिच्यावर उभा आहे. साखळी चालवणाऱ्याला मात्र नेमके हेच तयार भांडवल लागते. अनोळखी माणसाने पाठवलेला संदेश पुसून टाकणारी सून नणंदेचा संदेश पुसत नाही.

या योजनेचा हिशेब मांडण्यास मोठे गणित लागत नाही. रोजमेळ लिहिणाऱ्या जुन्या मुनिमाला तो दोन ओळींत समजला असता. प्रत्येक सदस्य एकच भेट पाठवतो. म्हणजे जितके सदस्य, तितक्याच भेटी. नावे आणि जमा यांचा मेळ बसायचा, तर एकीच्या घरी छत्तीस भेटी आल्या, त्या वेळी पस्तीस जणी रिकाम्या हातांनी बसलेल्या असल्याच पाहिजेत. यात कोणी फसवणूक केली असेही नाही. सर्वांनी प्रामाणिकपणे भेट पाठवली तरी निकाल हाच. मराठीत दुराव्याला छत्तीसचा आकडा म्हणतात, हा योगायोग येथे फारच बोलका आहे.

‘पुढे आणखी लोक येतीलच,’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. ते किती यावे लागतात? सहा, छत्तीस, दोनशे सोळा अशी ही चढण आहे. आठव्या पायरीवर १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील जैन समाजाची एकूण लोकसंख्या १४,००,३४९ होती, तान्ह्या बाळांसह. नवव्या पायरीला एक कोटीहून अधिक माणसे हवीत, आणि त्याच जनगणनेत संपूर्ण भारतातील जैन ४४,५१,७५३ होते. तेराव्या पायरीला पृथ्वीवरची माणसे संपतात. प्रत्यक्षात साखळी इतकी दूर जातच नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच तीच ती ओळखीची माणसे भेटू लागतात आणि ती अडते.

येथे पुष्कळजण भिशीचा दाखला देतात. बारा जणींनी दरमहा दोन-दोन हजार रुपये काढले, तर दर महिन्याला एकीला चोवीस हजार मिळतात आणि वर्षाअखेर प्रत्येकीने चोवीस हजार दिलेले व चोवीस हजार घेतलेले असतात. वर्तुळ बंद आहे, माणसे मोजकी आहेत, शेवटचा क्रमांक असलेलीलाही तिचे पैसे मिळतात. आधी उचल घेऊन पुढचे हप्ते बुडवणारी एखादी निघू शकते, तो धोका आहेच. पण कोणीही न बुडवता सर्वांचे चुकते होणे भिशीत शक्य असते. साखळीत ते शक्यच नसते. नवीन माणूस आला नाही तरी व्यवहार पूर्ण होतो का, हा एक प्रश्न विचारला की दोन्हींतील भेद उघडा पडतो.

भेट नेहमी दहा डॉलरचीच राहते, असेही नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात गिलफर्ड आणि आसपासच्या गावांत स्त्रियांनी ‘भेटीचे टेबल’ चालवले होते. पंधरा जणींच्या टेबलाला जेवणातील पदार्थांची नावे दिलेली : खाली आठ स्टार्टर, त्यावर चार सूप-सॅलड, मग दोन मुख्य जेवण आणि शिखरावर एक गोड. नव्याने येणाऱ्या आठ जणींनी प्रत्येकी ५,००० डॉलर वरच्या ‘गोड’ला भेट द्यायचे, ती ४०,००० डॉलर घेऊन उठली की टेबलाचे दोन भाग होत आणि प्रत्येक भागाला आठ नवीन स्टार्टर शोधणे आले. ही स्त्रियांनी स्त्रियांना दिलेली मदत आहे, भेट असल्यामुळे तिच्यावर कर नाही, असे सांगितले जाई. २०१३ साली त्यातील दोन प्रमुख स्त्रिया दोषी ठरल्या. एकीला सहा वर्षांची, दुसरीला साडेचार वर्षांची कैद झाली.

कराविषयीचा हा भ्रम आपल्याकडेही आहे. भारतात नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रोख भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर लग्नासारखे काही अपवाद वगळता संपूर्ण रक्कम करपात्र ठरते. गटातील ‘ताई’ या नात्याला आयकर खाते ओळखत नाही.

महाराष्ट्राने या जातीची मोठी रूपेही पाहिली आहेत. ‘स्पीक एशिया’ने ११,००० रुपये घेऊन घरबसल्या प्रश्नावल्या भरण्याचे काम देऊ केले आणि नवे सदस्य आणणाऱ्यास मोबदला; २०११ मध्ये तो डोलारा कोसळला. ‘गेनबिटकॉइन’मध्ये दरमहा दहा टक्क्यांचे आश्वासन होते, त्याचा तपास पुणे पोलिसांनी केला व २०१८ साली मुख्य प्रवर्तकाला अटक झाली. मुंबईत दादरला ‘टोरेस’च्या दुकानात मॉइसनाइटचे खडे आणि दर आठवड्याला परतावा मिळत असे, माणसे आणणाऱ्यास वर बोनस. जानेवारी २०२५ मध्ये दारे बंद झालेल्या त्या दुकानासमोर जमलेल्या गर्दीत लहान भाजीविक्रेतेही होते. प्रश्नावली, नाणे, खडा किंवा भेटवस्तू हे केवळ वेष्टन. आत फिरतो तो मागून येणाऱ्याचा पैसा.

कायद्याची दृष्टीही वेष्टनावर थांबत नाही. १९७८ च्या प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बंदी) अधिनियमात पैशाबरोबरच ‘मौल्यवान वस्तू’चा उल्लेख आहे. सदस्यनोंदणीवर अवलंबून असलेल्या लाभाचे वचन, ही त्याची मुख्य खूण. अशी योजना चालवणे तर गुन्हा आहेच. तिचा सदस्य होणे, तिच्यात भाग घेणे हेही निषिद्ध आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. ‘मी फक्त पुढे पाठवले’ हा बचाव म्हणूनच दुबळा ठरतो.

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताची चर्चा करताना शास्त्रकारांनी अचौर्याचे जे अतिचार सांगितले, ते या संदर्भात नव्याने वाचण्यासारखे आहेत. स्वतः चोरी करणे तेथे नाहीच, ते तर व्रतानेच सोडलेले. दुसऱ्याला त्या वाटेला लावणे म्हणजे स्तेनप्रयोग, तसे आणलेले घेणे म्हणजे तदाहृतादान, राज्याचा नियम ओलांडणे म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम. सहा मैत्रिणींना निमंत्रण धाडणारी आणि छत्तीस पुड्यांची वाट पाहणारी गृहिणी या तिन्हींच्या किती जवळ जाते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ती तर मनाने भेट देत असते.

संदेश हाती आला असता तो वाचण्याची दृष्टी असावी. देण्यापेक्षा मिळण्याचा आकडा मोठा असेल, माणसे आणण्याची अट असेल, आज रात्रीपर्यंतच नाव घालण्याची घाई असेल, आणि भेट कोणाकडून येणार हे कोणालाच ठाऊक नसेल, तर तेथेच थांबावे. यादीत घराचा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि कधी मुलांचे वाढदिवसही मागितले जातात. तो कागद किती अनोळखी हातांतून फिरेल याला सीमा नाही. दुपारी दुकान कोणाच्या भरवशावर असते, घरी वृद्ध एकटे कधी असतात, हे अंदाज बांधण्यास एवढी माहिती पुरते.

नाव घालून झाले असेल, तर गेलेली भेट बहुधा गेली असे धरावे आणि ती भरून काढण्यासाठी एकही नवे नाव मिळवू नये. ज्या सहा जणींना संदेश पाठवला, त्यांना त्याच दिवशी फोन करावा. त्यांनी अजून पुढे पाठवले नसेल, तर साखळी तेथेच तुटते. त्यांच्यापैकी कोणी आपल्या शब्दावर पैसे दिले असतील, तर ते स्वतःच्या खिशातून परत करणे पेढीच्या रिवाजाला धरून होईल. संदेश पुसू नयेत. त्यांची छायाचित्रे व पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने गेले असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती रोखली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.